कोळ्यापायी झालेलं कर्ज

आधीच माफी मागून ठेवते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी कळलं नाही, आणि अक्षर तर विचारूच नका. माझी शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत. मराठी अक्षरं वडिलांनी पोथीवर बोट फिरवून शिकवली. त्यामुळे छापलेलं वाचता येतं, पण लिहायला बसले की हात पोथीसारखा वळत नाही. शाळेतले मेष्ट्रू माझी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा रे, कोळी शाईत बुडवून सोडलाय." पोरं हसायची. मी घामाघूम व्हायचे. मेष्ट्रूंना वाटायचं, पोरीला अक्षराची लाज वाटली. मला अक्षराचं काही नव्हतं. मी आपली बाकाखाली बघत असायचे, की खरंच सोडला की काय.

बेंगळूरजवळ आनेकलला आमचं मराठी मंडळ आहे, त्याचा दिवाळी अंक निघतो. यंदा सेक्रेटरी घरी येऊन म्हणाले, "अक्का, कष्टकरी भगिनींचे अनुभव छापायचेत. तुम्ही लिहा." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे आनेकलमध्ये लहान पोरालाही कळतं, तसं त्यांनाही कळलं आणि ते चहा पिऊन गेले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, अंकात कुठून फुटणार? पण त्यांनी विचारल्यापासून डोक्यात वाक्यं यायला लागली. म्हणून घरी कुणी नसताना लिहिते आहे. मंडळाला देणार नाही. मंडळाचं नुकसान होणार नाही, त्यांच्याकडे कविता पुष्कळ येतात.

माझं काम सांगते. भांडी घासणारी बाई वेगळी आणि आम्ही वेगळ्या. आम्ही डीप क्लीनिंगवाल्या. नाव इंग्रजी ठेवलं की तेच झाडणं महाग होतं. बिल्डर फ्लॅटच्या चाव्या देतो तेव्हा म्हणतो, घर तयार आहे. तयार म्हणजे खिडक्यांवर सिमेंट, फरशीवर रंगाचे शिंतोडे आणि कपाटात गवंड्यांच्या विड्यांची थोटकं. गृहप्रवेशाच्या आधी आम्ही पाच-सहा बायका जातो आणि त्या तयार घराचं घर करतो. काम वरून खाली करायचं, हा पहिला नियम. आधी छताची जळमटं, मग पंखे, मग खिडक्या, मग संडास-मोरी, आणि फरशी सगळ्यात शेवटी. उलट केलं की सगळं दोनदा करावं लागतं.

म्हणजे कामाची सुरुवातच कोळ्यापासून. बेंगळूरमध्ये डिपॉझिट न भरता फ्लॅट मिळवणारी ही एकच जमात. मालकाच्या आधी राहायला येतात, प्रत्येक कोपरा अडवतात आणि वर तोंड करून बघतात, तू कोण म्हणून.

मग कोळ्याला भिणारी बाई या धंद्यात आलीच कशाला, असं कुणीही विचारेल. नवराही विचारतो. चौथी शिकलेल्या बाईला बँकेत घेत नाहीत, म्हणून आले. आणि ही भीती म्हणजे साधी भीती नव्हे. झुरळ मी चपलेने मारते, पाल शेपटीला धरून बाहेर टाकते, एकदा सापाच्या पिल्लावर बादली पालथी घातली आहे. पण कोळी दिसला की कानात शिट्टी वाजते आणि मी कुठे पळते ते मला कळत नाही. लोक समजूत घालतात, "अगं, तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त भीती वाटते." मग तो का पळत नाही? दर वेळी मलाच का पळावं लागतं?

आमच्या टोळीची मुकादम सावित्रक्का. आमच्यातलीच, घरात मराठी बोलणारी, पण भांडायला कन्नड वापरणारी. कामावर लागताना मी तिला काही सांगितलं नव्हतं. बायकांशी मात्र मी गुपचूप सौदा केला होता. माझे कोपरे तुम्ही झाडा, तुमचे संडास मी घासते. असा सौदा कुठली बाई सोडेल? त्यांना वाटलं, रुक्मा गरीब गाय आहे. दोन वर्षं मी ॲसिडच्या वाफेत बसून पुण्यवान ठरले.

सावित्रक्काचा आणखी एक नियम होता. नव्या घरात दूध उतू जाईपर्यंत जीव मारायचा नाही. दूध उकळलं, चुलीवर सांडलं की घर मालकाचं. त्याच्या आधी ते कुणाचंच नाही, तेव्हा तिथे हत्या करून ठेवली तर तिचं माप कुणाच्या पदरात पडेल सांगता येत नाही, असं ती म्हणायची. म्हणून कोळी औषध मारून मारायचा नाही, झाडूने चिरडायचा नाही, जिवंत उचलून बाहेर सोडायचा. इतर टोळ्या फवारा मारून दहा मिनिटांत मोकळ्या होतात. आम्ही पुण्य कमावतो.

आता फरशीचं सांगते.

इलेक्ट्रॉनिक सिटीत एका पुण्याच्या जोडप्याचा फ्लॅट होता. बाईंचं नाव ऋचा. दोघंही कॉम्प्युटरवाले, गोड बोलणारे. त्यांनी बेडरूममध्ये लाकडी फरशी करून घेतली होती. लाकडी म्हणजे भुशाच्या फळीवर लाकडाचा फोटो चिकटवलेला. दिसते छान. पण तिच्यावर पाणी सांडलं तर लगेच पुसावं लागतं, नाहीतर फळ्या पुरीसारख्या फुगतात. हे मला माहीत होतं. टोळीत सगळ्यांना माहीत होतं.

बाकीच्या बायका शेजारच्या इमारतीत दुसऱ्या कामाला गेल्या होत्या. मी खिडकी धुऊन साबणाच्या पाण्याची बादली घेऊन बेडरूममधून बाहेर निघाले होते. बादलीच्या कडीपाशी काहीतरी हललं. बशीएवढा, चपटा, तपकिरी कोळी. जाळं न विणणारा, भिंतीवरून धावणारा असतो ना, तो. आणि ती कोळीण होती. पोटाखाली अंड्यांची पांढरी चपटी वडी धरून बसली होती. एक काय कमी होता, म्हणून पोटाशी सगळा गाव.

बादली मी टाकली की तिने टाकली, मला आठवत नाही. मी जिन्यात होते, एवढं आठवतं. दार मी बाहेरून ओढून घेतलं होतं आणि चावी माझ्या मुठीत होती. आत पाणी पसरत होतं हेही मला समजत होतं. फडकं दाराशीच होतं. आत जायचं, फडकं टाकायचं, एवढंच काम. मी चावी घट्ट धरून पायरीवर बसून राहिले. वरून खालून माणसं गेली. एकाने विचारलं, "अक्का, बरं नाही का?" मी मान हलवली. कुणाला म्हणायला काय हरकत होती, दादा, आत पाणी सांडलंय, तेवढं पुसता का? पण बोलणं हे माझं दुसरं दुखणं.

जेवणाच्या वेळी सावित्रक्का आली.

"काय गं, इथे का बसलीस?"

"आत आहे."

"कोण? मालक?"

"नाही."

"अय्यो! चोर?"

मी मान खाली घातली. "कोळी."

तिने माझी मूठ उघडली. मग चावी घेऊन आत गेली. नंतर जे कन्नड ऐकू आलं ते मला लिहिता येणार नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं.

ऋचाबाई आल्या. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मावशी, मी समजू शकते. हा फोबिया आहे. याची ट्रीटमेंट असते. तुम्ही कुणाशी तरी बोलायला हवं." त्यांचे मिस्टर म्हणाले, "काही प्रॉब्लेम नाही, होतं असं." आणि संध्याकाळी सावित्रक्काच्या फोनवर फरशीचं बिल आलं. काही प्रॉब्लेम नाही असं म्हणून बिल पाठवायची रीत मला नवीन होती. वाईट माणसं नव्हती. फरशी खरंच फुगली होती, पैसे खरंच लागणार होते.

ते सावित्रक्काने भरले. भरले नसते तर त्या सगळ्या इमारतींमधलं आमच्या टोळीचं काम गेलं असतं. तिचं घर पत्र्याचं. वर स्लॅब टाकायची म्हणून तिने कित्येक वर्षं पैसे साठवले होते, मेस्त्रीही ठरला होता. त्या पैशांची ऋचाबाईंची बेडरूम झाली.

मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. म्हटलं, "अक्का, मला काढून टाक."

"काढून टाकते की. मग माझे पैसे कोण देणार? तुझा कोळी?"

मी उठायला लागले.

"आता फिटेपर्यंत तू कुठे जायचं नाहीस. आजारी पडायचं नाहीस. मरायचं तर अजिबात नाही. आणि संडासाच्या मजुरीने हे फिटायला मला दुसरा जन्म लागेल, तेव्हा तू कोपरे झाडायचेस. त्याची मजुरी जास्त आहे."

"मला जमणार नाही गं."

"जमणार नाही हे मला आधी का नाही सांगितलंस? दोन वर्षं सुम्ने उगीच तोंड शिवून बसलीस! सांगितलं असतंस तर मी तुला एकटीला ठेवलं असतं का तिथे?"

ती आत गेली आणि मला चहा आणून दिला, तोही आदळून.

ऋचाबाईंची ती ट्रीटमेंट मोठ्या शहरांत डॉक्टरणी तासावर पैसे घेऊन करतात म्हणे. सावित्रक्काने माझ्यावर ती फुकट केली, फक्त तिला नाव माहीत नव्हतं. तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. टोळीत कुणालाही दिसायच्या आधी कोळी मला दिसतो. खोलीत पाऊल टाकलं की तो कुठल्या कोपऱ्यात आहे, पडद्याच्या दांडीमागे आहे की गीझरच्या वर, मला अंगावरच्या काट्याने कळतं. तेव्हा तिने मला नवी नेमणूक दिली. नवीन फ्लॅट उघडला की आधी मी एकटीने आत जायचं, सगळ्या खोल्या फिरायच्या आणि बाहेर येऊन सांगायचं, कुठे कुठे आहेत. झाडायचं नाही, पकडायचं नाही, नुसतं सांगायचं. मग बाकीच्या आत जाणार.

विमानतळावर वास घ्यायला कुत्रा ठेवतात, तशी मी. कुत्र्याला बिस्कीट तरी देतात.

पहिले काही दिवस मी दारातूनच मान आत घालून "आहेत" एवढंच सांगायचे. सावित्रक्का म्हणायची, "आहेत हे मलाही माहीत आहे. पत्ता सांग." मग मी भिंतीला पाठ लावून सरकत जायला लागले. मग भिंतीलाही कोळी असतात हे लक्षात आल्यावर खोलीच्या मधोमध चालायला लागले. बाहेर येऊन सांगायचे, "हॉलमध्ये एक मोठा, पंख्याच्या वाटीत. स्वैपाकघरात चिमणीमागे बारीक दोन. मुलांच्या खोलीत कोळीण, अंडी आहेत." बायका हसायच्या. "रुक्मा, त्यांची आधार कार्डंही बघून ये." मी हसत नव्हते. पण सांगताना आवाज फुटायला लागला होता. टोळीत माझा आवाज त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकला असेल.

पुढची पायरी यशवंतपूरला झाली. तिथल्या एका शेट्टींच्या धान्याच्या गोदामाचं काम होतं. गोदामात जळमटं म्हणजे पडदे. ती बाकीच्या बायकांनी बांबूला झाडू बांधून उतरवली. मला सावित्रक्काने पुढच्या गाळ्यात घातलं, जिथे शेट्टी बसतात. गल्ल्याच्या वर देवांच्या तसबिरी होत्या आणि त्यांच्यामध्ये ऐसपैस एक जाळं. त्यात मधोमध हा एवढा बसलेला.

मी झाडू उचलला तसे शेट्टी ओरडले, "ते नाही! ते सोडून सगळं!"

सावित्रक्काने विचारलं, "का हो अण्णा?"

"ते आल्यापासून धंदा चढला. लक्ष्मी आहे ती. एक धागा तुटता कामा नये. तसबिरी पुसा, पण हळू."

माझ्या नशिबाला कोळी आले ते आले, आता त्यांना लक्ष्मीही म्हणायचं होतं. सगळी सकाळ मी स्टुलावर उभी राहून, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, एकेक तसबीर पुसत होते. शेट्टी खाली बसून माझ्या हाताकडे बघत होते, पहारेकऱ्यासारखे. पळायचं तर शेट्टींच्या डोक्यावर उडी मारावी लागली असती. घाम डोळ्यांत जात होता. तो मात्र हलत नव्हता. मी पुसते आहे, तो बसला आहे. कडेची तसबीर खाली घेताना वारा लागला आणि तो हलला. पण जिवंत प्राणी हलतो तसा नव्हे, वाळलेलं पान हलतं तसा.

मी नीट बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोळ्याकडे डोळे उघडे ठेवून बघितलं. ते रिकामं कातडं होतं. कोळी कात टाकतो, तशी टाकून कधीच निघून गेला होता. आठ पाय जागच्या जागी, आणि आत काही नाही. शेट्टींची लक्ष्मी कुठे गेली होती देव जाणे, आणि मी सकाळभर एका टरफलापुढे घाम गाळला होता.

खाली उतरून सावित्रक्काच्या कानात सांगितलं. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "शेट्टींना सांगू नकोस. धंदा पडायचा." शेट्टींनी खूश होऊन वर बक्षीस दिलं. ते तिने तिथल्या तिथे माझ्या हातातून घेतलं, फरशीच्या हिशेबात.

भीती टरफलाने जात नाही. पण त्या दिवसानंतर कोळी दिसला की मनात एक बारीक शंका यायची, हा भरलेला आहे की रिकामा? ती शंका येईपर्यंतच्या वेळात माझं पळणं थांबायचं. तेवढा वेळ सावित्रक्काला पुरला. तिने मला पेला शिकवला. स्टीलचा पेला कोळ्यावर पालथा घालायचा, खालून जाड कागद सरकवायचा, दोन्ही हातांनी धरून बाहेर नेऊन सोडायचं. जाड कागद म्हणून आम्ही घरात पडलेल्या गृहप्रवेशाच्या पत्रिका वापरायचो. सावित्रक्का बजावायची, "गणपतीची बाजू खाली ठेव. देवाच्या अंगावर कोळी चालवू नकोस." पहिल्यांदा मी पेला घातला आणि त्याच्या कडेवर हात टेकून अशी बसले की तो उचलायला दोघी बायका लागल्या. पेल्याच्या आत पाय वाजतात. नखाने वाजवल्यासारखे. हे कुणी सांगत नाही.

तरी ते सगळं टोळीत होतं, आपल्या बायकांत. खरी पाळी आली ती गाईच्या दिवशी.

आपल्याकडे गृहप्रवेशाला गाय आधी आत जाते, मग माणसं. जमिनीवरच्या घरात ठीक आहे. पण हा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. जुन्या बेंगळूरचं घराणं, हौस मोठी. सोसायटीच्या नियमात पाळीव जनावरांनी सामानाच्या लिफ्टने जावं असं लिहिलेलं, म्हणून वॉचमन गाईला सामानाच्या लिफ्टकडे पाठवत होता आणि यजमान म्हणत होते, गोमाता सामान आहे का? शेवटी गोमाता सामानाच्या लिफ्टनेच आली. गाय वर चढली की लिफ्टपासून हॉलपर्यंत प्रसाद पडणारच, तो उचलायला एक बाई थांबवावी लागते. सावित्रक्काने मला थांबवलं. ज्याच्यावर कर्ज असतं त्याला शेणाचा मान पहिला.

सकाळी मुहूर्ताला सगळे जमले. दाराला दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधलेले, आदल्या दिवशी कापून आणलेले. गाईवाले मुनियप्पा गाईची दोरी धरून उभे. पुरोहित मंत्र म्हणत होते. गाय शांत, आमच्यापेक्षा शांत. तिने उजवा पाय आत ठेवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आपल्यालाच. तिने खुशीत केळीच्या खांबाला मान घासली. खांबाच्या सोपटातून तो बाहेर पडला आणि गाईच्या कपाळावर, हळदीकुंकवाच्या मधोमध, येऊन बसला.

तसलाच. चपटा, तपकिरी.

"जेडा! जेडा!" मुनियप्पांनी कन्नडमध्ये बोंब मारली आणि दोरी सैल सोडली. कोळ्याचं नाव ऐकताच यजमान सोफ्यावर चढले. त्यांचा जावई त्यांच्याही वर, सोफ्याच्या पाठीवर. यजमानीणबाई आरतीचं ताट घेऊन तशाच उभ्या, ताट मात्र खडखडत होतं. एक जण ओरडला, "चप्पल मारा!" गाईच्या कपाळावर चप्पल? पुरोहितांनी डोळे मिटून मंत्राचा वेग वाढवला. कोळी गाईच्या डोळ्याकडे सरकायला लागला. गाईने कान ताठ केले, एक पाय मागे घेतला.

मी कोपऱ्यात शेणाचं घमेलं घेऊन उभी होते. मला धीर आला होता असं वाटत असेल तर तसं नाही. कानात शिट्टी वाजतच होती. पण शिट्टीच्या वर मला हॉल दिसत होता. गाय उधळली तर समोर काचेचं दार. त्याच्या बाजूला भिंतीएवढा टीव्ही. पलीकडे उघड्या दारातून बेडरूम, आणि बेडरूममध्ये लाकडी फरशी. आम्ही साफ केलेल्या घरात कोळी निघाला म्हणून हे सगळं फुटलं तर बिल कुणाकडे जाणार? सावित्रक्काकडे. आणि सावित्रक्काकडून? कोळ्याची भीती मोठी आहे, पण ती एका टोकाला संपते. फरशीची संपत नाही.

दाराशी सावित्रक्का होती. ती एवढंच म्हणाली, "रुक्मे."

चुलीपाशी दुधासाठी मांडलेल्या पेल्यांतला एक मी उचलला. पत्रिका टेबलावर होतीच. गाईच्या समोर जाऊन मी पेला तिच्या कपाळावर पालथा घातला. पेल्याच्या आत पाय वाजले. गाय गप्प उभी राहिली. तिला आजवर कपाळाला हळद, कुंकू, फुलं सगळं लावलं होतं, पेलाही त्यातलाच असेल असं तिला वाटलं असावं. मी तिच्या कपाळावरच्या केसांतून पत्रिका सरकवायला लागले. केसांत कागद अडकत होता. माझे हात एवढे कापत होते की गाईला खाजवल्याचं सुख मिळालं आणि तिने डोळे मिटले.

"गणपती खाली, गणपती खाली," सावित्रक्का पुटपुटली.

"खाली आहे गं!" मी ओरडले. भरल्या घरात, पन्नास माणसांपुढे.

लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर कोंडून घेण्याएवढी मी बरी झाले नव्हते, म्हणून अकरा मजले जिन्याने उतरले. खाली मेंदीच्या कुंपणापाशी पेला ठेवला, पत्रिका ओढली आणि तिथून जी पळाले ती वॉचमनच्या खोलीपाशी थांबले. तिथे मला उलटी झाली. वॉचमनने पाणी दिलं. वर गेले तेव्हा दूध उतू जाऊन संपलं होतं आणि लोक इडली-वडा खात होते. यजमान सोफ्यावरून उतरले होते आणि कुणाला तरी सांगत होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं. हॉलमध्ये माझ्यासाठी शेण तसंच ठेवलेलं होतं.

त्या इमारतीत बातमी झाली. तेव्हापासून मला निराळे फोन यायला लागले, साफसफाईसाठी नव्हे, नुसत्या कोळ्यासाठी. "कोळीवाली अक्का आहे का?" त्यात जाडजूड माणसं, मिशावाले, आई झालेल्या बायका. एकदा एक साहेब घरून काम करत होते. फोनवर नुसते कुजबुजले, "लवकर या." जाऊन बघते तर ते कॉम्प्युटरपुढे खुर्चीवर उभे. पडद्यावर त्यांच्या कचेरीतली माणसं. कोळी टेबलाखाली. कॅमेऱ्यात मी दिसू नये म्हणून मी दारापासून रांगत गेले, पेला घातला, रांगतच परत आले. वर ते इंग्रजीत बोलत होते, अगदी भारदस्त आवाजात. नंतर दुप्पट पैसे देऊन म्हणाले, "अक्का, कुणाला सांगू नका." मी सांगितलेलं नाही. इथेही नाव लिहीत नाही.

ते पैसे हातात घेताना मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. एवढी माणसं माझ्यासारखीच होती तर मला दोन वर्षं ॲसिडच्या वाफेत कशाला बसावं लागलं? एकीनेही आधी म्हटलं असतं, मीही भिते, तर मीही म्हटलं असतं. आता त्या वाफेने माझी छाती दुखते, हिवाळ्यात जास्त. तिचं बिल कुणाला पाठवू?

भीती गेली का, असं नवरा विचारतो. गेली नाही. अजून चप्पल झटकूनच घालते, अजून अंधाऱ्या मोरीत आधी काठी फिरवते. फक्त तिला आता माझ्या आधी बोलू देत नाही.

सावित्रक्काचे पैसे मी दर आठवड्याला थोडे थोडे देत होते. मजुरीतले कापून, शिवाय कोळ्याच्या फोनचे. मध्ये एकदा तिच्या पत्र्यातून पाणी गळून तिचं धान्य भिजलं. तिने ते ओसरीत वाळत घातलं आणि कामावर आली. मला मात्र त्या दिवशी भाकरी गेली नाही. नवऱ्याने आपल्या बोनसमधले काही दिले आणि वर म्हणाला, "कोळ्याने आपल्याला जेवढं लुटलं तेवढं सावकाराने लुटलं नसतं."

शेवटचा हप्ता घेऊन मी गेल्या महिन्यात तिच्या घरी गेले. इतके दिवस कर्ज होतं म्हणून ती मला काढू शकत नव्हती. आता फिटलं की तिला मी कशाला हवी? फवारा मारणाऱ्या तरुण पोरी मिळतात, दहा मिनिटांत मोकळ्या होणाऱ्या. त्यांना छातीचं दुखणंही नसतं.

ती ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी पैसे तिच्यापुढे ठेवले. तिने बोटाला थुंकी लावून मोजले. मग परत मोजले. माझ्यावर विश्वास नाही असं नाही, सगळ्यांचेच ती दोनदा मोजते.

"सरी, बरोबर आहेत," ती म्हणाली. "फिटले."

"स्लॅब टाकशील ना आता?"

"मेस्त्रीला विचारलं. सिमेंट, सळई, सगळं वाढलंय. एवढ्यात अर्धीच होते."

एवढी वर्षं मी फरशीचे पैसे फेडत होते आणि स्लॅब पुढे पुढे पळत होती. "मग आणखी काही द्यायचे का मी?" मी विचारलं.

"वेड लागलं का तुला? घेतले तेवढे दिलेस. बाकी सिमेंटवाल्याने घेतले, ते त्याच्याकडे मागते मी." तिने पैसे कमरेच्या पिशवीत घातले आणि पिशवीचा बंद ओढला. "अर्धी तर अर्धी. स्वैपाकघरावर टाकते." मग सूप पुढे सरकवून म्हणाली, "बस, निवडायला हात लाव. उद्या यशवंतपूरला दोन गाळे आहेत, तिथे आधी तू जायचंस. आणि उद्यापासून मजुरी पुरी घे, मी काही कापायची नाही."

मी बसले. तांदळात खडे पुष्कळ होते.